धार लावायचं मशीन कोणतं घेऊ? माझं मत : आधी दगड घ्या



मागच्या व्हिडिओत हसनाबादच्या एका मुलाचा प्रश्न घेतला होता आणि वेळ संपल्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं. बरेच जण म्हणाले, सर, पुरतं सांगा. हात कसा धरायचा ते व्हिडिओत दाखवता येतं, पण हिशोब लिहूनच मांडलेला बरा. म्हणून हे लिहितोय. आणि मला एक चूकही कबूल करायची आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

मागच्या दिवाळीच्या आधी मी छोट्या किचनसाठी स्वस्त वस्तूंचा एक व्हिडिओ केला होता. त्यात ते ओढायचं शार्पनर दाखवलं होतं. प्लास्टिकचा दांडा, दोन-तीन खाचा, खाचेत सुरी घालून तीन-चार वेळा ओढायची की झालं. "दोनशे रुपयांत धारेची कटकट संपली" असं वाक्य मी कॅमेऱ्यासमोर बोललो. खाली लिंक दिली होती, त्यातून मला थोडं कमिशनही मिळालं. तुमच्यातल्या अनेकांनी ते घेतलं. मी स्वतः ते जेमतेम आठवडाभर वापरलं होतं.

आता हसनाबाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जालना जिल्हा, भोकरदन तालुका, राजूरच्या गणपतीपासून जवळच. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचं येणंजाणं असलेलं गाव. तिथे छोट्या व्यावसायिकांसाठी एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत एक ताई जवळ आल्या. त्यांची घरगुती मेस आहे, वर लोणची आणि ठेचा करून विकतात. पिशवीतून सुरी काढली आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या व्हिडिओत बघून ते घेतलं. पहिले पंधरा दिवस लई भारी चाललं. आता बघा."

मी बघितली. पात्याचा मधला भाग आत गेला होता. मुठीजवळ सुरी जाड, टोकाकडे ठीक, मधे खड्डा. पाटावर ठेवली तर मधून उजेड दिसायचा. म्हणजे कोथिंबीर चिरताना मधली कोथिंबीर तुटायचीच नाही, माळेसारखी लोंबत राहायची. त्या रागावल्या नव्हत्या. पण "आमचं काय चुकलं?" हे ज्या तऱ्हेने त्यांनी विचारलं, ते मला जास्त लागलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं.

झालं काय, ते समजून घ्या. त्या खाचेत कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवलेल्या असतात. कार्बाइड हे सुरीच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण. तुम्ही सुरी ओढता तेव्हा ती घासली जात नाही, खरवडली जाते. गाजर सोलल्यासारखी लोखंडाची साल निघते. नवीन कडा उघडी पडते म्हणून धार आल्यासारखी वाटते, आणि येतेही. पण ती कडा खडबडीत असते, लवकर वळते, मग पुन्हा ओढा, पुन्हा साल काढा. शिवाय आपण ओढतो ते मुठीजवळून सुरू करून मधे जोर देतो, म्हणून खड्डा मधेच पडतो. वर्ष-दोन वर्षं टिकणारी सुरी सहा महिन्यांत संपते. दोनशेचं शार्पनर दर सहा महिन्यांना एक सुरी खात असेल, तर ते दोनशेला पडलं नाही.

तर हा झाला माझा गुन्हा. आता त्या मुलाचा प्रश्न.

वय तेवीस-चोवीस. सोयाबीनचे पैसे हातात आलेले. त्याने मोबाइलवर एक मशीन काढून दाखवलं. पट्टा फिरणारं, मोटरचं, सगळं धरून अठरा हजारांपर्यंत जाणारं. परदेशातला एक माणूस त्यावर शिकारीच्या चाकूला धार लावतो आणि मग हातावरचे केस सपासप कापून दाखवतो, असा तो व्हिडिओ. मुलगा म्हणाला, "सर, गावात धार लावणारा कुणीच राहिला नाही. पहिले सायकलवाला यायचा, तोबी बंद झाला. किचनचे चाकू आन् हे शिकारीचे, दोन्ही करता येतील. हे मशीन घेऊ का दुसरं?"

कल्पना चांगली आहे. म्हणूनच मला त्याला सरळ "नको" म्हणायचं नव्हतं. पण मशीन कोणतं, हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, तुझ्याकडे कोणतं पातं येणार? दुसरा, ते पातं दिवसात किती वेळा चालतं? हे कळल्याशिवाय अठरा हजार काय, अठराशेही खर्च करू नये.

शिकारीचा विषय आधी मिटवून टाकतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर, रोही पिकाची नासधूस करतात हे भोकरदनच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको, पण त्यांचाही बंदोबस्त वनखात्याच्या परवानगीनेच होतो, मनाने नाही. म्हणजे शिकारीच्या चाकूला धार लावून घेणारं गिऱ्हाईक हसनाबादेत नाही. जो असा चाकू घेऊन येईल, त्याच्याकडे तो कशाला आहे हे आधी विचारावं लागेल. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं वेगळी धरली आहेत. घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. धारवाल्याच्या दुकानात तलवार किंवा शायनिंगचा सुरा आला, तर हात जोडून परत पाठवायचा. यात धंदा बुडत नाही, वाचतो.

पण शिकारीच्या चाकूचं जे खरं काम असतं, कातडी सोडवणं आणि मांस वेगळं करणं, ते काम आपल्या गावात रोज होतं. मटणाच्या दुकानात. त्यामुळे तो प्रश्न अगदीच वाया गेला नाही. शिबिर संपल्यावर मी त्या मुलाला घेऊन बाजारात एका मटणवाल्या चाचांकडे गेलो. म्हटलं, चाचा, तुम्ही धार कशी लावता?

चाचांनी काही सांगितलं नाही, करून दाखवलं. दोन सुरे एकमेकांवर पाच-सहा वेळा सर्रसर्र फिरवले आणि कामाला लागले. दर दहा मिनिटांनी तेच. मुलाला वाटलं हीच धार लावणं. ती नव्हे. पोलादाची कडा इतकी पातळ असते की वापरताना ती तुटण्याआधी एका अंगाला कलते, मुडपते. दुसरा सुरा किंवा पोलादी गज त्यावरून फिरवला की कललेली कडा परत उभी राहते. लोखंड फारसं निघत नाही. खरी धार चाचा आठवड्यातून एकदा, दुकान बंद असतं त्या दिवशी दगडावर लावतात. काळा दगड, मधे घासून होडीसारखा झालेला. किती वर्षांचा, म्हटलं. "बापाच्या टायमाचा" म्हणाले.

आणि सत्तूर? सत्तुराला त्यांनी मुद्दाम जाड धार ठेवलेली. "हड्डी पे बारीक धार मारली तर दात पडतेत," म्हणाले. एवढ्या एका वाक्यात अर्धं शास्त्र आलं. भाजीच्या सुरीला बारीक कोन, साधारण पंधरा अंश. मांसाच्या सुऱ्याला वीस. हाड तोडणाऱ्या सत्तुराला पंचवीस-तीस. ओढायच्या शार्पनरला हे कळत नाही, त्याचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. सुरी, सुरा, सत्तूर, सगळ्यांना एकच माप.

आता तुम्ही म्हणाल, अंश मोजायला आम्ही काय कंपासपेटी घेऊन बसू? गरज नाही. पातं दगडावर आडवं ठेवा. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतका मागचा कणा उचला, झाले सुमारे वीस अंश. पाव रुंदीइतका उचला, झाले साडेचौदा-पंधरा. तीन सेंटिमीटर रुंदीची सुरी असेल तर एक सेंटिमीटर उचलली की वीस अंश. शाळेतलं भूमिती एवढं तरी कामाला यावं. कोन बरोबर आहे का ते बघायला पात्याच्या कडेवर स्केचपेनने रेघ ओढा आणि दगडावर दोनदा फिरवा. रेघ अगदी कडेवरून पुसली गेली तर बरोबर. वरच्या बाजूने पुसली तर कणा अजून उचला. कडेच्या टोकालाच पुसली आणि वर तशीच राहिली तर जास्त उचललाय.

मग घासायचं किती? एका बाजूने तोपर्यंत, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखर हाताला लागत नाही. बोट कडेच्या लांबीने फिरवायचं नाही, कापेल. कण्याकडून कडेबाहेर, हलकेच. कारखान्यात काम केलेले तिला बर म्हणतात. ती बर मुठीपासून टोकापर्यंत आली, की बाजू बदला. दोन्हीकडून आली, की दगडाच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने एकदा इकडून, एकदा तिकडून असं करत ती काढून टाका. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धारेच्या उलट दिशेने आठ-दहा वेळा. न्हाव्याकडे वस्तऱ्यासाठी पट्टा असायचा तो ह्यासाठीच. नव्वद टक्के लोकांची धार बिघडते ती बर येण्याआधी बाजू बदलल्यामुळे. (हा नव्वदचा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या अभ्यासातला नाही.)

दगड कोणता? हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा मिळतो, एक खरखरीत, एक बारीक. आपल्याकडे त्याला कुणी सहाण म्हणतं, कुणी निसणा, दुकानदार कार्बोरंडम म्हणतो. हे सिलिकॉन कार्बाइड, 1890 च्या दशकात अमेरिकेत ॲचेसन नावाच्या माणसाने भट्टीत बनवलं. त्याआधी जगभर नैसर्गिक दगडच होता. साधारण दोनशे ते चारशे रुपयांत आठ इंचांचा येतो. सहा इंचांचा घेऊ नका, पन्नास रुपये वाचतील आणि मोठी सुरी अर्धीच घासली जाईल. पाण्यावर वापरा किंवा तेलावर, पण एकदा तेल लावलं की मग तेलच. चाचांच्या दगडासारखा मधे खड्डा पडायला लागला, की सिमेंटच्या पायरीवर बारीक वाळू आणि पाणी टाकून दगड घासून सपाट करून घ्या. ज्याला आणखी पुढे जायचं आहे, म्हणजे आचारी, केटरर, त्याने वर एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्यावा. बस. तीन हजार, आठ हजार नंबरचे दगड हे जपानी माशाच्या सुरीसाठी आहेत, आपल्या भेंडीसाठी नाहीत.

विळीचं काय, हे मला नेहमी विचारतात. खरं तर विळीमुळेच ही सगळी परदेशी शार्पनरं आपल्या घरात अडखळतात. ती गृहीत धरतात की पातं हलतं. विळीचं पातं पाटाला ठोकलेलं, आणि वर वाकडं. तिथे उलटं करायचं. विळी पायाखाली घट्ट धरा, आणि हातभर नाही, बोटभर लांबीचा दगडाचा तुकडा पात्यावरून फिरवा. जुना दगड फुटला तर टाकू नका, विळीसाठी ठेवा. आमची आजी कपाच्या बुडावरच्या खरखरीत कड्यावर सुरी घासायची. ते हसण्यावारी नेऊ नका. त्या कड्याला चकाकी चढवलेली नसते, भाजलेली माती उघडी असते. बारीक दगडाचंच काम करते.

(आमच्याकडे धार काढायची ती म्हशीची, आणि लावायची ती विळ्याला. शिबिरात एका पोराने गडबडीत "सर, सुरीची धार कशी काढायची" असं विचारलं आणि सगळं सभागृह हसलं. पण ओढायच्या शार्पनरबद्दल ते अगदी बरोबर आहे. ते धार काढूनच घेतं.)

आता मशीनबद्दल माझं मत, कारण मुलाचं मन अजून तिथेच होतं.

साधं टेबल ग्राइंडर सहा इंची चाकाचं असेल तर मिनिटाला अठ्ठावीसशेच्या वर फेरे घेतं. हिशोब केला तर चाकाची कड सेकंदाला बावीस मीटर धावते. हातातलं ग्राइंडर, फरशी कापायचं, ते तर मिनिटाला अकरा हजार. गावोगाव आता कोयते आणि विळे त्यावरच पाजवतात. ठिणग्या उडतात, गिऱ्हाईक खूश. पण कडा पातळ असते, उष्णता पसरायला जागा नसते. पात्याची कड निळी पडली की समजा तिथलं पाणी उतरलं. आपल्या लोहाराने पातं तापवून, विझवून, पुन्हा हलकं तापवून जो कडकपणा दिलेला असतो, तो दोन सेकंदांत जातो. मग ती धार दोन दिवस टिकत नाही आणि शेतकरी म्हणतो, हल्ली लोखंडच खराब यायला लागलं.

लोखंडावरून आठवलं. जालना म्हणजे सळईचं गाव. एमआयडीसीतल्या रोलिंग मिल सगळ्यांनी पाहिल्यात. म्हणून काही जणांना वाटतं की इथे सुऱ्यासुद्धा सहज बनतील. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. ती वाकली पाहिजे, तुटता कामा नये, म्हणून तसंच हवं. ते पोलाद कडक होत नाही, धार धरत नाही. म्हणून लोहार विळा-कोयत्यासाठी ट्रकचा जुना पाटा शोधतो, त्यात अर्धा टक्क्याच्या वर कार्बन असतो. तुमच्याकडे आलेलं पातं कशाचं आहे, हे धारवाल्याला ओळखता आलं पाहिजे. दगडावर दहा वेळा घासलं की हाताला कळतं. मशीनवर कळायच्या आत पातं संपलेलं असतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, आधी तीन महिने दगडावर शंभर सुऱ्या कर. हात बसला की मग मशीन घे, आणि तेव्हा पाण्याचं, हळू फिरणारं घे. सायकलवाला काका पेडल मारायचा तेव्हा चाक हळूच फिरायचं, आणि तो मधून मधून पातं पाण्यात बुडवायचा. त्याला मागासलेला समजायची चूक आपण केली. त्याचं तंत्र बरोबर होतं. त्याचा धंदा का बसला, ते मात्र बघायला हवं.

पूर्वी गावाचा लोहार बलुत्यावर काम करायचा. सुगीला धान्य घ्यायचा आणि वर्षभर अवजारं बघायचा. घिसाडी लोक पेरणीच्या आधी पाल टाकायचे आणि कुऱ्हाडी-खुरपी शेवटून द्यायचे. शिकलगार तर नावातच धार घेऊन आले, अरबीतल्या सैकल म्हणजे चकाकी देणं या शब्दावरून ते नाव आलं. सायकलवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं. ना ठरलेलं गिऱ्हाईक, ना ठरलेला दिवस. तो ओरडत गल्लीतून जायचा तेव्हा सुरी नेमकी भाजीत असायची. बाई म्हणायची, पुढच्या वेळी. आणि सुरीची किंमत पन्नास-साठ रुपयांवर आल्यावर वीस रुपये देऊन धार कोण लावून घेणार?

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगतो जी मला फार आवडते. इटलीच्या उत्तरेला डोंगरात व्हाल रेंदेना नावाचं खोरं आहे. गरीब गावं. तिथले लोक पाठीवर धार लावायचं चाक घेऊन देशोदेशी फिरायचे, अगदी आपल्या शिकलगारांसारखे. पिन्झोलो गावात धारवाल्याचा पुतळा आहे. त्यातले काही लंडनला, न्यूयॉर्कला स्थिरावले. आणि तिथे त्यांनी दारोदार ओरडणं सोडलं. हॉटेलवाल्याला म्हणाले, सुरी तू घेऊच नको. सुऱ्या आमच्या. दर आठवड्याला आम्ही धारदार देऊ, बोथट घेऊन जाऊ. तू फक्त भाडं दे. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हा धंदा चालवला. हॉटेलच्या कामात एक मिनिटाचाही खोळंबा नाही, आणि धारवाल्याला पैसे ठरलेल्या दिवशी.

हसनाबादेत हे जमेल का? कागदावर मांडू. समजा मटण-चिकनची दुकानं, हॉटेलं, मेस, आचारी, असे बारा गिऱ्हाईक मिळाले. हसनाबादेत नसतील तर राजूर धरून. प्रत्येकाच्या दोन सुऱ्या. आठवड्यातून एकदा बदल, सुरीमागे तीस रुपये. चोवीस सुऱ्या गुणिले तीस, सातशे वीस. चार आठवड्यांचे दोन हजार आठशे ऐंशी. बदलून द्यायला चोवीस जादा सुऱ्या लागतील, बरी सुरी दोनशेला धरली तर चार हजार आठशे. दगड, पट्टा, सुऱ्या ठेवायची पेटी मिळून दोन हजार. म्हणजे सात हजारांच्या आत काम सुरू होतं आणि पेट्रोल धरून तीनेक महिन्यांत पैसे सुटतात.

यावर घर चालत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. आठवड्यातल्या दोन सकाळींचं हे काम आहे, शेती सांभाळून. पण सीझन आहेत. बकरी ईदच्या आधी आठ दिवस, लग्नसराईत आचाऱ्यांकडे, कैरीच्या दिवसात लोणच्याचे अडकित्ते, अंगारकीला राजूरच्या वाटेवरच्या फराळवाल्यांकडे. आणि गिऱ्हाईक बाराचे तीस झाले तर ते पाण्याचं मशीन त्याच पैशातून येईल, सोयाबीनच्या नाही. कात्र्या मात्र सुरुवातीला घेऊ नको म्हटलं. शिंपी आणि सलूनवाला यांच्या कात्रीची आतली बाजू किंचित पोकळ असते, ती दगडावर सपाट घासली की कात्री कापड चावते, कापत नाही. एका कात्रीने दहा गिऱ्हाइकं जातात.

आता त्या मेसवाल्या ताई. त्यांना मी तिथेच हार्डवेअरमधून दगड आणून दिला, पैसे घेतले नाहीत, ते माझ्याकडे लागत होते. सुरी इतकी गेली होती की तिला आधी सरळ करायलाच वीस मिनिटं लागली. मग त्यांनी स्वतः घासली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा बर आली. टोमॅटो आणला, सुरी नुसती ठेवून ओढली, साल न दबता फोड पडली. कांदा चिरताना म्हणाल्या, झोंबत कमी आहे. खरंच कमी झोंबतो. बोथट सुरी कांद्याच्या पेशी चिरत नाही, चेंगरते, आणि तो रस उडतो.

त्यांच्याकडून पुढे कळलं की सकाळची भाजी चिरायला आधी ऐंशी मिनिटं लागायची, आता पन्नास. तीस मिनिटं गुणिले महिन्याचे सव्वीस दिवस, तेरा तास. आठ तासांच्या रोजाचे तीनशे धरले तरी महिन्याला जवळजवळ पाचशे रुपये. दगड साडेतीनशेचा. हा हिशोब मी माझ्या त्या दिवाळीच्या व्हिडिओत का नाही मांडला? कारण दगडाच्या लिंकवर कमिशन नाही, आणि दहा सेकंदांत ओढून दाखवायची वस्तू कॅमेऱ्यावर चांगली दिसते. वीस मिनिटं दगड घासणारा माणूस कोण बघणार?

काही जण म्हणतील, सर, तुम्ही फारच ताणता. घरात दोन माणसं, एक सुरी, आम्हाला कोन आणि बर कशाला? कबूल. साठ रुपयांची पातळ सुरी असेल, वर्षात टाकूनच द्यायची असेल, तर ओढायचं शार्पनर वापरा, काही बिघडत नाही. ज्यांनी माझ्यामुळे घेतलं आहे त्यांनीही फेकू नका. चांगल्या सुरीला लावू नका, एवढंच. त्यातही ज्या खाचेत पांढरी सिरॅमिकची कांडी असते ती वापरा, ती खरवडत नाही, घासते. जोर लावू नका, सुरीच्या वजनानेच ओढा, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी. विजेवरचं घरगुती शार्पनर चार-पाच हजारांना मिळतं, त्यावर मला बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

पण ज्याचं पोट चिरण्यावर, कापण्यावर आहे, मेस, वडापावची गाडी, मटण, बचत गटाचं लोणचं, त्याच्यासाठी माझं मत पक्कं आहे. आठ इंची दगड, एक पट्टा, आठवड्यातून एक ठरलेला दिवस. मटणवाल्याला वर एक पोलादी गज. मशीन नाही.

त्या मुलाने मशीन घेतलं नाही. सध्या चाचांच्या दुकानात जाऊन दर आठवड्याला त्यांचे सुरे घासून देतो, फुकट, शिकायचं म्हणून. आत्तापर्यंत चाळीसेक झाल्या म्हणतो. चाचांनी पहिले तीन सुरे परत घासले, चौथा ठेवून घेतला.

जुन्या व्हिडिओखालची लिंक मी काढली आहे आणि सुरुवातीला दुरुस्ती जोडली आहे. दगडावर धार लावायचा पूर्ण व्हिडिओ, न कापता वीस मिनिटांचा, पुढच्या रविवारी टाकतो. तुमच्याकडची सगळ्यात खराब सुरी काढून ठेवा, आणि दगड दहा मिनिटं आधी पाण्यात टाका. ज्यांनी दगडाला तेल लावलंय त्यांनी मात्र टाकू नका.